कुऱ्हाड थांबली, पण रोपं कुठे आहेत?

नागपुरात रस्ता रुंद करायचा ठरला, उड्डाणपुलाचा नकाशा आला किंवा अजनीच्या रेल्वे-बस स्थानकासारखा प्रकल्प पुढे आला, की झाडांचा वाद पेटतो आणि दरवेळी एकाच आकड्यापाशी येऊन अडतो. किती झाडं तोडणार आणि बदल्यात किती लावणार? एक बाजू म्हणते, एकही खोड पडता कामा नये. दुसरी म्हणते, एकाच्या जागी दहा लावू. वाद शहराबाहेर पडून गडचिरोली-गोंदियाच्या जंगलापर्यंत गेला, की मोहाचा विषय निघतो आणि ब्राझीलचा दाखला दिला जातो. त्या देशाने ब्राझील नटचं झाड तोडायला कायद्यानेच मनाई केली आहे, मग मोहाला तसंच कडक संरक्षण का नको? दाखला योग्य आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. त्या तोडबंदीच्या तीस वर्षांत जे घडलं ते नीट पाहिलं, तर आपण सावध व्हायला हवं. एखादी वृक्षप्रजाती सुरक्षित आहे की नाही, हे उभ्या खोडांच्या संख्येवरून कळत नाही. त्या खोडांच्या आसपास वेगवेगळ्या वयाची पोरवयाची झाडं वाढताहेत का, यावरून कळतं. आपल्या वादातल्या दोन्ही बाजू फक्त खोडं मोजतात, म्हणून दोघांचीही उत्तरं अपुरी पडतात.

ब्राझील नट, म्हणजे बर्थोलेशिया एक्सेल्सा, हे ॲमेझॉनच्या वर्षावनातलं झाड. त्याचं कुळ आपल्याला अगदीच परकं नाही. आपल्या रानातली कुंभी आणि देवळांच्या आवारात लावला जाणारा कैलासपती याच कुळातले. आकार मात्र कुंभीच्या कितीतरी पट: उंची ५० मीटरपर्यंत, खोडाचा व्यास दीड-दोन मीटर, आयुष्य काही शतकांचं. पुराचं पाणी पोचत नाही अशा उंच जमिनीवरच्या जंगलात ते वाढतं. ब्राझील, बोलिव्हिया आणि पेरू हे त्याचे मुख्य देश. सुकामेव्याच्या दुकानात मिळणारी ती मोठी, तिधारी बी जवळपास सगळी जंगलातून वेचून आणलेली असते. काजू-बदामासारख्या बागांवर तिचा व्यापार चालत नाही, तो उभ्या जंगलावर चालतो. आणि तरीही आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत हे झाड १९९८ पासून ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेलं आहे. ज्याला तोडायला बंदी आहे, ज्याच्या बियांना जगभर बाजार आहे आणि जे शेकडो वर्षं जगतं, ते झाड असुरक्षित कसं?

उत्तर त्याच्या प्रजननात आहे. फूल पहाटे उमलतं आणि त्याच दिवशी गळून पडतं. फुलाच्या मध्यावर एक जाड, घट्ट झाकण असतं. ते उचलून आत शिरण्याएवढी ताकद फक्त मोठ्या अंगाच्या माश्यांत असते: आपल्या ओळखीच्या लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांचे तिथले भाऊबंद, आणि ऑर्किड मधमाश्या. लहान मधमाशी तिथे निरुपयोगी. फळ धरलं तर ते पिकायला सव्वा वर्ष लागतं. पावसाळ्यात ते खाली पडतं तेव्हा अर्ध्या किलोपासून दोन किलोपर्यंत वजनाचा लाकडी गोळा असतो, आत दहा ते पंचवीस बिया. हा गोळा आपणहून फुटत नाही. तो कुरतडून उघडू शकणारा मुख्य प्राणी म्हणजे अगूती, सशाहून मोठा, शेपूट जवळजवळ नसलेला एक कृंतक. अगूती काही बिया खाते, उरलेल्या इकडेतिकडे एकेक करून पुरून ठेवते आणि त्यातल्या काही विसरते किंवा स्वतःच शिकार होते. त्या विसरलेल्या बियांतून रोपं येतात. बीचं कवच इतकं कठीण, की उगवायला बारा ते अठरा महिने लागू शकतात. उगवलेल्या रोपाला गर्द सावलीत वाढता येत नाही. शेजारचं एखादं झाड कोसळून उजेडाची खिडकी उघडली तरच ते वर जातं. जंगलातल्या झाडाला पहिलं फळ धरायला अनेक दशकं जातात. भुंगा, अगूती, उजेड आणि वेळ, या चारांपैकी एक गळालं की साखळी तुटते. झाड मात्र उभंच राहतं, आणि लोकांना वाटतं की सगळं ठीक आहे.

आता कायद्याकडे येऊ. ब्राझीलने १९९४ च्या अध्यादेशाने नैसर्गिक जंगलातलं ब्राझील नटचं झाड तोडायला आणि विकायला मनाई केली आणि २००६ च्या अध्यादेशाने ती कायम ठेवली. या बंदीचा फायदा नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. लाकूड उत्तम आहे, खोड सरळ आहे, आणि ॲमेझॉनमध्ये लाकडासाठी तोडल्या गेलेल्या महोगनीचं काय झालं हे सगळ्यांसमोर आहे. बंदी नसती तर ही खोडं कधीच करवतीखाली गेली असती. शिवाय तोडबंदी हा अंमलबजावणीला सोपा कायदा आहे. पडलेलं खोड लपवता येत नाही, लाकडाचा ट्रक नाक्यावर अडवता येतो. ज्या देशात जंगलखात्याचा एक माणूस शेकडो चौरस किलोमीटरना पुरा पडायला हवा, तिथे साधा आणि स्पष्ट नियम हीच मोठी गोष्ट असते. तोडबंदीच्या बाजूचा हा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो.

पण दक्षिण-पूर्व पारा राज्यात, माराबा शहराच्या आसपास, कायद्याने नेमकं काय वाचवलं ते पाहा. हा एके काळी ब्राझील नटचा सर्वांत समृद्ध टापू. १९७० नंतर तिथून ट्रान्स-ॲमेझॉनियन महामार्ग गेला, १९८४ मध्ये तुकुरुई धरण सुरू झालं, काराजासची लोहखनिजाची खाण आणि तिची रेल्वे आली. रस्त्यामागून वसाहत आली, वसाहतीमागून गुरांची कुरणं. जंगल कापलं गेलं, आणि कुरणांच्या मधोमध ब्राझील नटची उंच झाडं एकेकटी उभी राहिली. भोवतीचं जंगल गेल्यावर मोठ्या माश्यांना घर उरलं नाही, वर्षभराचा फुलोराही उरला नाही. एकट्या झाडाला दुसऱ्या झाडाचे परागकण मिळणं अवघड झालं, म्हणून फळं कमी धरली. जी पडली ती उघडायला अगूती नाही. एखादं रोप आलंच तर गुरांच्या खुरांखाली गेलं, नाहीतर कुरण साफ करायला लावल्या जाणाऱ्या आगीत. तीच आग दर काही वर्षांनी मोठ्या खोडांना चटके देत राहते, आणि आडोसा गेलेल्या उंच झाडाला वादळ सहज पाडतं. मेलेली, पांढरी पडलेली खोडं उभी असलेली कुरणं तिथे मैलोन्‌मैल दिसतात. या झाडांना कुऱ्हाड लागली नाही, तरी त्या टापूतून प्रजाती उठत चालली. तोडबंदीच्या समर्थकांनी याचं उत्तर द्यायला हवं: कायदा पूर्ण पाळला जाऊनही जर हे होऊ शकतं, तर त्या कायद्याने नेमकं काय वाचवलं?

इथे दुसरी बाजू पुढे येते, आणि तिच्याकडे शास्त्रीय पुरावा आहे. ती म्हणते, दोष कुरणांचा तर आहेच, पण माणसाच्या वेचणीचाही आहे; लोकांना जंगलातून बाहेर काढा. २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्राझील, पेरू आणि बोलिव्हियातल्या २३ ठिकाणच्या झाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे पिढ्यान्‌पिढ्या जोरदार वेचणी चालली होती, तिथे साठ सेंटिमीटरहून कमी व्यासाची तरुण झाडं जवळजवळ सापडली नाहीत. जिथे वेचणी कमी किंवा नव्हती, तिथे ती भरपूर होती. निष्कर्ष स्पष्ट होता. बिया सगळ्या गोळा झाल्या तर अगूतीला पुरायला काही उरत नाही, आणि वेचणारे लोक जंगलात राहताना अगूतीचीही शिकार करतात. साखळी दोन जागी तुटते. हा अभ्यास बाजूला सारता येत नाही. किंबहुना माझ्या मूळ म्हणण्याला त्याचाच आधार आहे, कारण त्याने खोडं न मोजता वयोगट मोजले.

मात्र त्यावरून ‘माणूस काढा’ असा निष्कर्ष काढणारे पुढचे अभ्यास वाचत नाहीत. उत्तर बोलिव्हियात नव्वद टक्क्यांहून जास्त बिया गोळा होत असलेल्या जंगलात रोपांची संख्या पुरेशी आढळली. ब्राझीलच्या अमापा राज्यात त्याहून महत्त्वाची गोष्ट दिसली. जिथे गावकरी फिरती शेती करतात, म्हणजे तुकडा साफ करून दोन-तीन वर्षं पिकं घेतात आणि मग तो पडीक सोडतात, तिथे ब्राझील नटची रोपं दाट जंगलापेक्षा जास्त होती. कारण समजण्यासारखं आहे. पडीक तुकड्यात उजेड असतो, अगूतीला लपायला झुडपं असतात म्हणून ती तिथे बिया आणून पुरते, आणि हे रोप छाटलं गेलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं. शेतकऱ्याने ते ओळखून राखलं, तर तुकडा पुन्हा पडीक होईपर्यंत त्याची उंची झालेली असते. आणि हे आजचंच नाही. मध्य ॲमेझॉनमधल्या झाडांच्या वाढवलयांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वसाहतकाळात तिथले मूळ समाज उद्ध्वस्त झाल्यानंतर नवी झाडं रुजणंही मंदावल्याचं दिसलं. माणसं गेली आणि पिल्लं कमी झाली. मग कोणत्या ‘अस्पर्शित’ जंगलात हे झाड परत पाठवायचं?

दोन अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण विरोध वरवरचा आहे. एका ठिकाणी माणसाने बी उचलली आणि बदल्यात उजेड दिला नाही. दुसऱ्या ठिकाणी बी उचलली, पण शेताच्या निमित्ताने उजेड दिला आणि रोप राखलं. माणूस आहे की नाही हा प्रश्नच गैरलागू ठरतो. तो काय करतो, कोणत्या महिन्यात करतो आणि रोप दिसल्यावर कोयता कुठे वळवतो, हे पाहावं लागतं.

आणखी एक आक्षेप जाणकारांकडून येतो आणि तो ऐकायला पटतो. चारशे वर्षं जगणाऱ्या झाडाला आपल्या जागी एकच झाड ठेवायचं असतं. पन्नास वर्षं रोपं आली नाहीत तर बिघडतं काय? गणित बरोबर आहे. दीर्घायुषी झाडांची संख्या वर्षानुवर्षं रोपांशिवायही स्थिर दिसते, आणि बोलिव्हियातल्या संशोधकांचा सूरही काहीसा हाच होता. पण हीच स्थिरता धोक्याची आहे. आज रोपांची रांग तुटली, तर म्हाताऱ्या झाडांची गळती सुरू होऊन कोणाच्या लक्षात यायला तीन पिढ्या जातील. आणि तेव्हा रोप लावलं तरी ते जंगलात फळावर यायला पुढची अनेक दशकं लागतील. दरम्यानच्या काळात दुष्काळ येतात. २०१५-१६ च्या एल निनोनंतर २०१७ च्या हंगामात ब्राझील नटचं पीक तिन्ही देशांत कोसळलं. म्हातारी झाडं असे धक्के किती वेळा सोसतील? ज्या प्रजातीला चूक कळायला शंभर वर्षं लागतात, तिथे चुकीचं लक्षण पाहण्याची जागा रोपवयातच आहे.

मग बाजाराचं काय? ‘उभं जंगल विकत घ्या, म्हणजे ते उभं राहील’ हा विचार मला जवळचा आहे, कारण त्यामागे रक्त सांडलेलं आहे. आक्रे राज्यातल्या शापुरीचे रबर कामगार नेते चिको मेंडिस यांनी जंगल कापायला आलेल्यांसमोर लोकांना उभं केलं, आणि २२ डिसेंबर १९८८ रोजी त्यांचा खून झाला. त्यांच्या लढ्यातून १९९० मध्ये वेचणीसाठी राखलेली जंगलं जन्माला आली. त्यांच्याच नावाचं राखीव क्षेत्र नऊ लाख हेक्टरांहून मोठं आहे. रबर आणि ब्राझील नट वेचणाऱ्यांना हक्क मिळाले, आणि कित्येक ठिकाणी या एका बीमुळे जंगल कुरण होण्यापासून वाचलं. पण बीच्या उत्पन्नावर सगळा भार टाकला तेव्हा काय झालं, तेही पाहायला हवं. जंगलातल्या दमट जमिनीवर आठवडेच्या आठवडे पडलेल्या फळांत बुरशी शिरते आणि ॲफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. फळं लवकर उचलली नाहीत, बिया पातळ थरात वाळवल्या नाहीत, ओल्याच पोत्यांत भरल्या, की प्रमाण वाढतं. २००३ मध्ये युरोपीय संघाने ब्राझीलहून येणाऱ्या कवचासह बियांवर कडक तपासणी लादली आणि त्या व्यापाराला मोठा फटका बसला. भाव पडला की वेचणाऱ्या कुटुंबाला चार गाई हा जास्त भरवशाचा विमा वाटतो. चिको मेंडिस राखीव क्षेत्रातही जंगल कापून गुरं पाळणं वाढत गेलं, ते याच दबावाने. बाजार हक्काला जोड देऊ शकतो. तो रोपाची काळजी घेत नाही, कारण रोपाला आज भाव नसतो.

लावणीच्या बाजूचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. ब्राझील नटच्या लागवडी झाल्या आहेत. कवच काढून बी लावली तर उगवण कितीतरी लवकर होते, कलम केलेलं झाड दहा-बारा वर्षांत फळ देतं. पण मोठ्या एकसुरी लागवडीत मोठ्या माश्यांना वर्षभर खायला आणि राहायला जागा नसते. जंगलाला लागून नसलेल्या लागवडीत झाडं जोमदार आणि फळं तुरळक, असा अनुभव आला. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या चार वर्षांत दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी झाडांचे संकल्प झाले. २०२१ च्या दुरुस्तीनंतर शहरातलं पन्नास वर्षांहून जुनं झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी, सहा-आठ फूट उंचीची रोपं लावून सात वर्षं जगवायची अट आली. ही अट पूर्वीपेक्षा नक्कीच चांगली आहे. पण सात वर्षांनी खड्ड्यात रोप उभं आहे का, एवढंच ती विचारते. त्या झाडाला पुढे बी धरेल का, ती कोण वाहून नेईल, कुठे रुजेल, हे विचारायची तिथे सोयच नाही.

तोडबंदीचा उलटा परिणाम पाहायला ॲमेझॉनला जायचीही गरज नाही. चंदन हेही ब्राझील नटसारखंच ‘असुरक्षित’ गटात आहे. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये ते राजवृक्ष ठरवलं, आणि पुढे दोनशे वर्षं म्हैसूर-कर्नाटकात कुणाच्याही जमिनीत उगवलेलं चंदन सरकारचं राहिलं. परिणाम काय झाला? शेतात चंदनाचं रोप आलं, की शेतकऱ्याला त्यात उत्पन्न दिसत नसे, भानगड दिसत असे: पंचनामे, चोरांची भीती, चोरी झाली तर स्वतःवरच संशय. असं रोप हाताएवढं असतानाच उपटणं सोयीचं. झाडाला जितकं कडक संरक्षण, तितका रोपाचा जीव धोक्यात. २००१ मध्ये कर्नाटकने कायदा बदलून जमीनमालकाला झाडाचा हक्क दिला, तोवर रानातलं चंदन विरळ झालं होतं. आपल्याकडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत मोह आहेच. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाचं रोप आलेला शेतकरी तोच हिशेब करत नसेल, असं कोणी खात्रीने म्हणू शकेल?

मोहाची गोष्ट ब्राझील नटच्या इतकी जवळची आहे, की ती शेजारी ठेवून पाहायलाच हवी. मोठं झाड कोणी तोडत नाही. ते देवाचं आहे, घराण्याच्या वाट्याचं आहे, फुलं देणारं आहे. भंडारा-गोंदियात शेताच्या मधोमध उभे असलेले जुने मोह पाहिले, की पाराची कुरणं आठवावीत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. ती वेचणं झाडाला अजिबात घातक नाही, कारण गळतो तो रसाळ पाकळ्यांचा भाग, आणि फळ धरायचं ते वर देठाशी धरलेलंच असतं. घातक आहे ती त्याआधीची आग. खालचा पाचोळा साफ करून फुलं दिसावीत म्हणून तो पेटवला जातो, आणि मागच्या पावसाळ्यातली सगळी रोपं त्यात जातात. ती आग जंगलात शिरली तर वणवा होतो, ते वेगळंच. जूनच्या आसपास टोऱ्या, म्हणजे मोहाची बियांची फळं, पडतात. त्यांचं तेल निघतं म्हणून त्याही वेचल्या जातात. मोहाची बी साठवून टिकत नाही, काही आठवड्यांत तिची उगवणशक्ती जाते. म्हणजे त्या पावसाळ्यात जमिनीवर राहील ती आणि तेवढीच बी कामाची. उरलेलं रोप पुढे शेळ्या आणि नांगर संपवतात. मोहाची फळं खाऊन बिया दूर नेणारं वटवाघूळ तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत उंदीर-कावळ्यांसोबत ‘उपद्रवी’ यादीत होतं. झाड अनुसूचित आणि त्याचा वाहक उपद्रवी! खोडावर नजर खिळलेल्या कायद्यातून दुसरं काय निघणार?

२०२१ मध्ये राज्याने मोहफुलांच्या वाहतुकीवरचे आणि साठवणुकीवरचे निर्बंध काढले, ते योग्यच झालं; वेचणाऱ्याला गुन्हेगार ठरवून मोह वाचणार नव्हता. पण आता फुलांची मागणी वाढेल, आणि आगीची सवय तशीच राहिली तर दरवर्षी जास्त झाडांखाली पाचोळा पेटेल. पाचोळा झाडून बाजूला करता येतो, खाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरता येतात. जाळीवरचं फूल माती-राखेशिवाय मिळतं आणि स्वच्छ वाळतं. यात जास्तीचे कष्ट आहेत, आणि ते कष्ट स्वच्छ फुलाच्या वाढीव भावातून भरून निघायला हवेत. नुसत्या उपदेशाने ते होणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपानांचं उत्पन्न सोडून दिलं, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात. बांबूवर गाव उभं राहू शकलं म्हणून हा निर्णय परवडला, हे खरं. पण तो घेतला गावाने, आणि स्वतःच्या जंगलाकडे पाहून घेतला. २००९ मध्ये हक्क मिळवणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचा अनुभवही सांगतो, की हक्क हातात आला की माणूस पुढच्या वीस वर्षांचा विचार करू शकतो.

म्हणून मागणी बदलायला हवी. मोहाला आणखी कडक तोडबंदी मागण्याऐवजी ग्रामसभांच्या वन व्यवस्थापन आराखड्यात आणि वनखात्याच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलकामाच्या अधिकृत आराखड्यात, मोहाच्या रोपांची मोजणी सक्तीची करा. काम अवघड नाही. गावाच्या हद्दीतली वीसेक झाडं तीन प्रकारच्या जागांतून निवडायची: दाट जंगलातली, चराईच्या जागेतली, धुऱ्यावरची. प्रत्येक खोडाभोवती तीस मीटरचा गोल आखायचा. फक्त पानोऱ्याखाली पाहून चालणार नाही, कारण आईच्या सावलीत रोप क्वचितच टिकतं. गोलात चार गट मोजायचे: गुडघ्याखालची रोपं, गुडघ्यापासून छातीपर्यंतची, छातीहून उंच पण मनगटाएवढ्या खोडाची, आणि मनगटापासून मांडीएवढ्या खोडाची. ही मोजणी वर्षातून दोनदा व्हावी, एकदा पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात आणि एकदा आगीचा हंगाम सरल्यावर जूनच्या सुरुवातीला.

या दोन आकड्यांतला फरक रोगाचं निदान करतो. ऑक्टोबरातच रोपं नसतील, तर एकतर टोऱ्या शेवटच्या बीपर्यंत वेचल्या गेल्या किंवा फळच धरलं नाही. अशा जागी प्रत्येक घराने ठरावीक झाडांच्या टोऱ्या आळीपाळीने सोडाव्यात. ऑक्टोबरात भरपूर आणि जूनमध्ये शून्य असेल, तर दोष आगीचा. तिथे जाळी द्या, झाडणीची मजुरी द्या. गुडघ्याएवढी रोपं वर्षानुवर्षं दिसतात पण छातीपर्यंत एकही पोचत नाही, तर शेळ्या. तिथे पाच वर्षं काट्यांचं कुंपण किंवा फिरती चराईबंदी लागते, नव्या लावणीचा तिथे उपयोग नाही. आणि धुऱ्यावरच फक्त रोपं नसतील तर शेतकऱ्याला लेखी हमी द्यावी लागेल, की स्वतः राखलेल्या झाडाबाबतचा निर्णय पुढे त्याच्याच हातात राहील. नागपूर महापालिकेच्या वृक्षगणनेतही हाच स्तंभ घालता येईल: तेलंगखेडी, सेमिनरी हिल्स, अंबाझरीच्या झाडीत आपोआप उगवलेली स्थानिक रोपं किती, कोणत्या उंचीची. यंदाच्या टोऱ्या पडून गेल्या की पहिली मोजणी ऑक्टोबरातच सुरू करावी लागेल. ती हुकली तर जूनचा आकडा कशाशी ताडून पाहायचा, हेच कळणार नाही.